जिवाची तीन, लाजेची नऊ

॥ श्री ॥

काटेवाडी, ता. बारामती
१२ सप्टेंबर १९५४

ती. सौ. कौसल्याअक्कास,
धाकटा भाऊ महिपतीचा सा. न. वि. वि.

हितं सर्व खुशाल. तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्याला आता कसं आहे ते कळव.

मागल्या सोमवारी जोतीरामदाजी माझा ट्रक बघून गेले. लष्करानं लढाईनंतर विकलेला आणि मग फलटणकडच्या एका बागाईतदाराकडं पाच-सहा वर्षं राबलेला हा ट्रक मी पोळ्याच्या दिवशी घेतला. गावात लोक बैलांची शिंगं रंगवत होते आणि मी ट्रकच्या पाठीवरून हात फिरवत होतो. घेतल्यावर मग दाजींना तपासायला बोलावलं. हे उलटं झालं, हे मलाही कळतं. पण घेण्याआधी मी स्वतः तपासणी केली होती. टायरला लाथ मारली, बॉनेट उघडून आत बघितलं, मान हलवली आणि बॉनेट लावलं. विकणारानं विचारलं की काय वाटतंय; मी म्हणालो की इंजिन हाय.

दाजी तीन तास गाडीखाली होते. बघायला माणसं जमली, म्हणून मीही थोडा वेळ त्यांच्या शेजारी जाऊन आडवा झालो. डोळ्यात तेलाचा थेंब पडला तेव्हा मी जाणकारासारखा हुंकार दिला. दाजी बाहेर आले, जागोजाग खडूनं खुणा केल्या, तांब्याभर पाणी प्याले आणि म्हणाले की घरी गेल्यावर हिला सांगतो, ती लिहील. लढाईत लष्कराच्या मोटारी दुरुस्त केलेला माणूस, पण टाक हातात घ्यायचा म्हटलं की त्यांना घाम फुटतो. तेव्हा त्यांचं तोंड तू आणि लेखणीही तूच.

मला घाई आहे ती अशी. आजवर बांधावर व्यापारी येतो आणि तो म्हणेल त्या भावाला आपण पेरू आणि वांगी देतो. दिवाळीच्या बाजाराला मी आणि शेजारचे आबासाहेब स्वतः पुण्याच्या मंडईत माल नेणार. लोणी भापकरचा बिरदेव नावाचा ड्रायव्हर ठरवलाय. बारा वर्षं गाडी चालवतोय, फार बोलत नाही. दसऱ्याला गाडीची पूजा आहे, सगळं गाव बोलावलंय. हातात पैसा मात्र निम्म्याच दुरुस्तीपुरता उरलाय. म्हणून दाजींनी एवढंच सांगावं की आधी काय करू आणि मागं काय ठेवू. माझ्या मते भोंगा वाजत नाही, ही सगळ्यात मोठी अडचण आहे.

कळावं. भावाला हसून झालं की पूर्वीइतकाच लोभ पुन्हा धरावा.

तुझा
महिपती


॥ श्री ॥

इंदापूर
१९ सप्टेंबर १९५४

चि. महिपतीस,
अक्काचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचले. सासूबाईंचा गुडघा बरा आहे, म्हणजे त्यांना आता माझ्यामागे स्वयंपाकघरापर्यंत येता येते.

तुझे पत्र मी यांना वाचून दाखवले. भोंग्याच्या वाक्याशी आल्यावर यांनी डोळे मिटले आणि पुन्हा एकदा वाच म्हणाले. मला तुझ्या लग्नाची आठवण झाली. मामांचे बंद पडलेले घड्याळ मनगटावर बांधून तू बोहल्यावर उभा होतास आणि मुहूर्ताची वेळ विचारणाऱ्या भटजींना तू ते दाखवलेस.

आता यादी. एकूण सतरा कामे आहेत. यांनी त्यांच्या तीन वाटण्या केल्या. पहिली जिवाची, म्हणजे ज्यामुळे माणूस मरतो. दुसरी खोळंब्याची, गाडी वाटेत बसते, माल नासतो, पण माणसे चालत घरी येतात. तिसरी लाजेची, तिच्यामुळे काहीच बिघडत नाही, फक्त मालकाला चारचौघांत कसेसे होते.

जिवाची तीन आहेत. पुढच्या डाव्या टायरचा रबर जाऊन आतले कापड दिसते. स्टिअरिंग पाव फेरा फिरवले तरी चाकांना पत्ता लागत नाही. आणि ब्रेक. ब्रेकचे पट्टे झिजून संपले आहेत आणि मागच्या चाकाशी ब्रेकचे तेल पाझरते. खोळंब्याची पाच आहेत: गळका रेडिएटर, थकलेली बॅटरी आणि असेच काही. ही पाच असू देत. पाण्याचा डबा बरोबर ठेव आणि हँडल मारायला दोन दांडगी माणसे ने. लाजेची नऊ आहेत. तुझा भोंगा त्यात सातवा आहे. उडालेला रंग, फाटकी गादी, सुतळीने बांधलेले दार, सगळे तिथेच.

हे म्हणाले की पैसा निम्माच असेल तर तिन्ही जिवाची कामे आधी करावीत आणि उरलेला पैसा डब्यात ठेवावा. आणखी एक म्हणाले, ते त्यांच्याच शब्दांत लिहिते: बारामतीच्या सपाटीला तो ब्रेक कसाबसा खपंल, दिवे घाटात न्हाय खपायचा. सासवड सोडल्यावर पुण्याकडे जो उतार लागतो, तो लक्षात ठेव.

थट्टा पुरे. गाडी घेतलीस याचा मला आनंद आहे. आपल्या घरात चाकांचे असे काही यापूर्वी आले ती बैलगाडीच.

वहिनीला आणि मुलांना आशीर्वाद. बहिणीची माया गृहीत धरून चाल.

तुझी
अक्का


॥ श्री ॥

काटेवाडी
१ ऑक्टोबर १९५४

ती. सौ. अक्कास,
महिपतीचा सा. न. वि. वि.

दाजींची यादी मी कपाळाला लावली. पुढचा टायर नवा घातला. स्टिअरिंग बारामतीच्या कारागिरानं खोलून घट्ट केलं. आता जरा हात हलला तरी गाडी वळते, त्यामुळं मला शिंकायची भीती वाटते. ब्रेकचंही झालं.

आता जरा लाजेचं सांगतो, रागावू नका. गाडीला आभाळी रंग दिला. आईचं नाव घातलं. रंगाऱ्यानं 'म्हाळसा' लिहायला घेतलं, पण पहिलं अक्षर जोशात एवढं मोठं काढलं की शेवटच्या 'सा'ला जागाच उरली न्हाई. तो कोपऱ्यात अंग चोरून बसलाय. गादीला लाल मखमल लावली. बिरदेव तिच्यावर आधी बसायलाच तयार होईना, धोतर झटकून मग टेकला. भोंगा बसवला. पहिल्यांदा वाजवला तेव्हा आबासाहेबांची म्हैस दावं तोडून कालव्यापर्यंत गेली. आबासाहेब म्हणाले की आवाज चांगला हाय, आता म्हैस आण.

दसऱ्याला तुम्ही दोघं या. दाजींच्या हातानं नारळ फोडायचा आहे. नुसता ट्रक घेतल्यानं माझी चाल बदललीय असं घरात म्हणतात. मला ते पटत न्हाई, पण काल मी पाणी पाजायला शेतात गेलो तो जोडे घालून गेलो, हे खरं.

कळावं. यावं, आणि येताना थोडं कौतुक बरोबर आणावं.

तुझा
महिपती


॥ श्री ॥

इंदापूर
११ ऑक्टोबर १९५४

चि. महिपतीस,
अ. उ. आ. वि. वि.

दसऱ्याला येता आले नाही, राग धरू नकोस. यांच्याकडे दोन मोटारी उघड्या पडल्या होत्या आणि सासूबाईंना एकटे ठेवता येत नव्हते. पूजा थाटात झाली असे काटेवाडीहून आलेल्या झुंबरकडून कळले. तू फेटा बांधून पुढच्या गादीवर बसलास आणि गाडी चावडीपर्यंत नेऊन परत आणलीस, उतरलास मात्र नाहीस, हेही कळले.

तुझे पत्र यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. आईचे नाव घातलेस हे फार चांगले केलेस. त्या अंग चोरून बसलेल्या 'सा'ची मला दया येते. आई असती तर तिने त्यालाच आधी जेवायला वाढले असते.

पुण्याला जाशील तेव्हा सावकाश जा. भाऊबीजेला ये, मग निवांत बोलू. काही बोलायचेही आहे.

तुझ्यावर जीव असलेली
अक्का


॥ श्री ॥

काटेवाडी
२१ ऑक्टोबर १९५४

ती. सौ. अक्का आणि ती. जोतीरामदाजी यांस,
महिपतीचा सा. न. वि. वि.

आम्ही सगळे जिवंत आणि धड आहोत. हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचताना तुम्हाला शंका येईल.

ब्रेकचं काम मी केलं न्हाई. एक तारखेच्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं. टायर झाला, स्टिअरिंग झालं, मग पैसे उरले ते ब्रेकला लागतील एवढेच होते. बारामतीचा कारागीर म्हणाला की पट्टे पुण्याहून मागवावे लागतील. दसरा आठ दिवसांवर आला होता. मी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. अक्का, ब्रेक चाकाच्या आत असतो. तो कुणाला दिसत न्हाई. रंग चावडीवरून दिसतो. एवढा विचार केला आणि रंगाऱ्याला बोलावलं. मनाशी म्हणालो की दिवाळीचा माल विकला की पहिला पैसा ब्रेकला. दिवाळीचा माल त्याच ब्रेकवर न्यायचा आहे, हे मनाला सांगायचं तेवढं राहिलं.

बिरदेवनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं की मालक, ब्रेकचं पायंडल लई खाली जातंय. मी त्याला म्हणालो की पट्टे नवे हायत, बसायला येळ लागतो. हे वाक्य मला कुठून सुचलं कोण जाणे. सुचलं ते एवढं ठाम की क्षणभर मलाही बरं वाटलं. बिरदेवनं मान डोलावली. बारा वर्षं गाडी चालवलेल्या माणसानं टायरला लाथ मारणाऱ्या माणसाचं ऐकलं, कारण तो मालक होता.

परवा पहाटे निघालो. मागं माझी वांगी, आबासाहेबांचे पेरू, त्यावर आबासाहेब स्वतः आणि गावातली चौघं. पुढं बिरदेवशेजारी मी, आणि माझ्या कडेला वस्तीवरच्या सरुबाई. त्यांच्या लेकीला पुण्यात मुलगा झालाय; बाळंतिणीसाठी डिंकाच्या लाडवांचा डबा त्या मांडीवर धरून बसल्या होत्या. मोरगावपर्यंत मी वाटेतल्या प्रत्येक बैलगाडीला भोंगा वाजवला. जेजुरीच्या उताराला बिरदेवनं तीनदा पाय दाबला तेव्हा गाडी हळू झाली. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी बाहेर बघितलं. सासवडला चहा पिताना तो म्हणाला की पट्टे अजून बसलं न्हाईत वाटतं. मी म्हणालो की बसतील.

दिवे गावाच्या पुढं रस्ता एकदम संपल्यासारखा दिसतो, आणि मग खाली सगळा मुलूख दिसायला लागतो. तळ्याचं पाणी चमकत होतं. सरुबाई म्हणाल्या की पुणं आलं काय, आन् हातातला डबा त्यांनी पदरानं पुसला. लेकीकडं पोचल्यावर तो स्वच्छ दिसावा म्हणून. ते बघितलं आणि मी बिरदेवला गाडी थांबव म्हणालो. त्याला वाटलं मला लघवीला जायचंय. त्यानं चढाच्या टोकाला, सपाटीवर गाडी उभी केली. मी उतरलो.

मग मी सगळ्यांना खाली बोलावलं आणि सांगितलं. रस्त्याच्या कडेला उभं राहून, नवा फेटा बांधून, आभाळी गाडीसमोर. म्हणालो की ब्रेकची दुरुस्ती झालेली न्हाई, झाली असं मी खोटं सांगितलं, आणि ही गाडी खाली नेता येत न्हाई. आयुष्यात पहिल्यांदा एवढी माणसं माझं बोलणं न खोकता ऐकत होती.

बिरदेव चाकापाशी वाकला, आत हात घातला, तेलानं माखलेली बोटं बाहेर काढली. मग दगड आणून चारी चाकांना लावले. सरुबाईंनी विचारलं की रंग तरी खरा हाय का. त्यांना मी पुण्याच्या एस.टी.त बसवून दिलं. एस.टी. उताराला लागली तेव्हा त्यांनी मागं वळून बघितलं न्हाई. माझ्या तोंडाकडं आता कुणी बघू नये असंच मलाही वाटत होतं.

गाडी वळवली. माणसं चालत, गाडी मागून पहिल्या गिअरवर, बैलाच्या चालीनं सासवडला आलो. माल तिथंच मिळेल त्या भावाला दिला. माझ्या वांग्यांचे आले ते आबासाहेबांना दिले, तरी त्यांच्या पेरूंची भरपाई झाली न्हाई. आबासाहेब जेजुरीपर्यंत गप्प होते. जेजुरीला त्यांनी विचारलं की भोंगा केवढ्याला पडला. मी सांगितलं. त्यानंतर काटेवाडी येईपर्यंत ते गप्प होते.

काल मी लोणी भापकरला बिरदेवच्या घरी गेलो. त्याला म्हणालो की तू गाडी सोडलीस तरी मी तुला बोल लावणार न्हाई. तो म्हशीची धार काढत होता, ती त्यानं पुरी केली. मग म्हणाला की आधीच्या दोन मालकांनी बी ब्रेकचं खोटंच सांगितलं व्हतं, पर त्यांनी उतार संपल्यावर कबूल केलं. तुमी आधी सांगितलं. आणि पुढं म्हणाला की येतो मी, पण आजपासून गाडीला काय पाहिजे ते मी सांगणार, तुमी फकस्त ऐकायचं. मी मान हलवली. ही मान मी गाडी घेतानाही हलवली होती, पण या वेळी कशाला हलवतोय ते मला कळत होतं.

अक्का, दोष सगळा माझा. तरी एक मनात आलं ते लिहितो. दाजींना यातलं सगळं कळतं. तुमच्यापैकी कुणी एका ओळीनं विचारलं असतं की पट्टे कुठून आणलेस, तर मी अडखळलो असतो. मी न विचारलेल्याचा आधार घेत घेत घाटापर्यंत गेलो.

कळावं. या भावावर लोभ ठेवायचा की न्हाई हे तुम्ही दोघांनी ठरवा. मी मागत न्हाई.

महिपती


॥ श्री ॥

इंदापूर
२४ ऑक्टोबर १९५४

चि. महिपतीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझे पत्र काल आले. मी यांना वाचून दाखवत होते. एका ओळीनं विचारलं असतं, इथपर्यंत आले आणि पुढे मला वाचता येईना. यांना वाटले तुझ्या काळजीने. काळजी होतीच, पण ती सगळी नव्हती.

तुझे एक तारखेचे पत्र आले त्याच दिवशी हे म्हणाले होते की महिपती खोटं लिहितोय. त्या गाडीचे पट्टे पुण्याहून यायला पंधरा दिवस लागतात, बारा दिवसांत सगळं होत न्हाय. नुसते लिही म्हणाले नाहीत, लिहीच म्हणाले. मी लिहिले. चांगले दीड पान लिहिले, तुला झोंबेल असे. आणि पाकीट बंद करताना डोळ्यांसमोर तुझा दसरा आला. सगळे गाव जमलेले, तू फेटा बांधलेला, आणि पोस्टमन माझे पत्र तुझ्या हातात देतो. मी ते पत्र ट्रंकेत लुगड्याखाली ठेवले. मनाशी म्हटले, भाऊबीजेला येईल तेव्हा जेवायला वाढून मग सांगू. यांनी विचारले टाकलेस का. मी हो म्हटले. मग तुला त्या 'सा'वर कोट्या करणारे पत्र धाडले, आणि ते मला फार जमले असे वाटून मी ते स्वतःशी पुन्हा वाचलेसुद्धा.

सातवी शिकलेली बाई म्हणून मी गावाला शहाणपण वाटत असते. लाजेची कामे मागे ठेव, हे माझ्याच हाताने तुला लिहिले. आणि तुझी लाज राखायला मी काय मागे ठेवले ते बघ. तू ब्रेक झाकलास, मी पत्र झाकले.

काल यांना सगळे सांगितले आणि लुगड्याखालचे पाकीट काढून हातात दिले. यांनी ते उघडले नाही. मग म्हणाले की तुम्ही दोघं भावंडं शोभता, आणि हत्यारांची पेटी कुठे आहे म्हणून विचारले. आज पहाटेच्या एस.टी.ने हे पुण्याला पट्टे आणायला निघाले आहेत. तिथून परस्पर तुझ्याकडे येतील. यांच्याजवळच हे पत्र देते, म्हणजे या वेळी ते पोचेल.

यंदा भाऊबीजेला इकडे येऊ नकोस. गाडी खोललेली असेल. ओवाळायचे राहिले तर राहू दे.

मला रागावायचा हक्क तुला आहे. तो वापरून झाला की पत्र लिही.

तुझी
अक्का


॥ श्री ॥

काटेवाडी
१ नोव्हेंबर १९५४

ती. सौ. अक्कास,
महिपतीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र दाजींनी स्वतः माझ्या हातात दिलं आणि मी वाचेपर्यंत समोर उभे राहिले. मला राग आला न्हाई. खरं सांगायचं तर जरा बरंच वाटलं. इतकी वर्षं मला वाटायचं की घरातला सगळा मूर्खपणा एकट्या माझ्या वाट्याला आलाय.

दाजी पाच दिवस राहिले. चारी चाकं उतरवली. पट्टे इतके झिजले होते की ते बसवणारे खिळे आतल्या लोखंडाला घासून चांदीसारखे चमकत होते. दाजींनी एक पट्टा माझ्या तळहातावर ठेवला. एवढासा, जुन्या चपलेच्या तळव्यासारखा. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी पाचही दिवस त्यांच्या हाताखाली राबलो, रॉकेलनं धुऊन एकेक सुटा भाग मांडून ठेवला, आणि गाडीखाली झोपलो तेव्हा कोण बघतंय ते बघितलं न्हाई. पैसे कमी पडले तेव्हा बिरदेवनं सांगितलं की बॅटरी आणि रेडिएटर गुढीपाडव्यापर्यंत कळ काढतील, आणि मी ऐकलं.

परवा पुन्हा माल भरला. दाजी म्हणाले की घाट उतरून मग मी इंदापूरची गाडी धरतो. आबासाहेब येतील असं वाटलं नव्हतं. ते सकाळी पेरूच्या करंड्या घेऊन उभे होते. म्हणाले की माल पाठवायचा म्हंजी सोबत गेलंच पायजे. मागं करंड्यांवर ते आणि मी, पुढं बिरदेव आणि दाजी. सासवडला चहा घेतला तो कुणाला गोड लागला का कडू, मला आठवत न्हाई.

दिव्याच्या पुढं तीच जागा आली. बिरदेव थांबला न्हाई. गाडी उताराला लागली आणि मी करंडीची कड दोन्ही हातांनी धरली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. आणि निम्म्या घाटात, जिथं एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नुसतं आभाळ, तिथं बिरदेवनं गाडी उभी केली. हातब्रेक ओढला, दार उघडलं, खाली उतरला. चाकाला दगड लावला न्हाई. कठड्यापाशी गेला, बिडी पेटवली आणि खालच्या तळ्याकडं बघत ओढत राहिला. दाजी जागेवरून हलले न्हाईत.

मी मागून वाकून चाकाकडं बघत होतो. टायरच्या पुढं रस्त्यावर एक वाळकं पान पडलं होतं, टायरला टेकून. बिडी संपेपर्यंत ते तसंच होतं. आजवर मी या गाडीला धावताना बघून हरखलो होतो, अक्का. भरल्या मालानं, भर उतारावर, ती नुसती उभी राहिलेली बघून माझे डोळे भरून आले. शेजारी आबासाहेबही त्या पानाकडंच बघत होते. त्यांनी करंडीतला एक पेरू काढला, फोडला आणि निम्मा माझ्या हातात दिला.

बिरदेव परत येऊन बसला आणि आम्ही पुण्याला गेलो.

कळावं. मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापा. लोभ तर आहेच.

तुझा
महिपती